तळाचा थर

१९८४ साली परळच्या प्रयोगशाळेत मालिनीने काचेची बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि भिंग पुन्हा जुळवून पाहिलं. औषध घालूनही रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी मजेत जिवंत होत्या.

“औषध घालायलाच विसरली असशील, डिकरी,” प्रयोगशाळेचे पारशी प्रमुख दस्तूरसाहेब म्हणाले; हाताखालच्या पोरींना ते डिकरी, म्हणजे लेकीच म्हणत. “पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्याला देईन.”

ती विसरली नव्हती. अस्थिमज्जेतल्या आधारपेशींचा बशीच्या तळाला चिकटलेला थर सगळेच गाळ समजून धुऊन टाकत. या वेळी तिने तो राहू दिला होता. तिने दोन नव्या बश्या मांडल्या, एक थराची, एक बिनथराची, आणि दोन्हींत कर्करोगाच्या पेशी सोडल्या. “साहेब, औषध आता तुम्हीच घाला.”

दोन दिवसांनी साहेब भिंगावरून उठेचनात. बिनथराच्या बशीतल्या पेशी मेल्या होत्या. थराला बिलगलेल्या शाबूत होत्या.

“अरे, हा थर तर चोरांना घरात लपवतो!” ते ओरडले आणि त्यांनी सगळ्या मजल्याला मावा केक वाटले.

साहेब आता नाहीत. मालिनी ऐंशीची आहे; तिच्या विद्यार्थिनी तो आसरा मोडणारी औषधं शोधतात. प्रयोगशाळेच्या सिंकवर साहेबांच्या अक्षरातली पाटी अजून आहे: ‘तळ धुण्याआधी मालिनीला विचारा.’