मोरीवरचा थांबा

कमळाकर दिवाणजींनी हात पुढे केला आणि हौसाने अर्जाचा कागद त्यांच्या हातात ठेवला.

दिवाणजींनी एकदाही आवाज चढवला नव्हता. ओसरीवर बसून चहा घेतला आणि तिच्या मुलाची, रामूची चौकशी केली. "मिठागरावर असतो ना? बांधावर काम करणाऱ्याला भरती कधी चढते ते कळत नाही कधीकधी. जपायला सांग त्याला." एवढंच ते बोलले.

रोडपाली गावापासून दीड मैलावर भाताची गिरणी होती. दिवाणजी त्या गिरणीच्या शेठचे. नव्या एसटीचा थांबा गिरणीच्या दारात पडावा म्हणून ते दोन महिने पनवेलच्या कचेरीत खेटे घालत होते. गावाला थांबा हवा होता गावालगतच्या ओढ्यावरच्या मोरीवर.

हौसा सुईण होती. गेल्या साली जगनची बायको अडली. तेव्हाची खासगी मोटार गिरणीपाशीच थांबायची, म्हणून तिला डोलीत घालून तिकडे न्यायला निघाले. अर्ध्या वाटेत तिने हौसाच्या मांडीवर जीव सोडला. त्यानंतर हौसाने मास्तरांकडून अर्ज लिहून घेतला आणि घरोघर फिरून त्यावर एकसष्ट अंगठे घेतले. तो अर्ज आता दिवाणजींच्या खिशात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीचे साहेब जागा पाहायला येणार होते. हौसाने रामूला कामावर जाऊ दिलं नाही. कारण सांगितलं नाही. साहेब यायच्या आत मोरीवर जायचं आणि जो कुणी भेटेल त्याला खरं काय ते सांगायचं, असं तिने ठरवलं. वाटेत दोनदा ती माघारी वळली.

मोरीवर सगळा गाव उभा होता. म्हातारे बुधाजी, लेकराला कडेवर घेतलेली चंद्रावती, दुकान बंद करून आलेले यूनुसभाई, जगन. या सगळ्यांना आपण काय तोंड दाखवणार? तिच्याकडे पाहून कुणी बोललंही नाही. यांना आधीच कळलंय, तिला वाटलं.

तेवढ्यात जीप आली. साहेबांच्या मागे दिवाणजी बसले होते.

"मोरीसाठी कुणाचाच अर्ज नाही म्हणता," साहेब दिवाणजींना म्हणाले, "मग ही माणसं?"

दिवाणजींनी हौसाकडे पाहिलं. आता गप्प राहिले तर रामू वाचेल, एवढंच तिला दिसत होतं. जगन मान खाली घालून उभा होता.

"अर्ज होता, सायेब," ती म्हणाली. "मी देऊन टाकला. भ्याले मी."

दिवाणजींनी एकेक चेहरा न्याहाळायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. साहेबांनी माणसं मोजली, वहीत काहीतरी लिहिलं आणि शिपायाला मोरीच्या कठड्याशी थांब्याची खुंटी ठोकायला सांगितलं.

जीप निघून गेली तरी हौसाला मान वर करवेना.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "तुमचे अंगठे मी त्याच्या हातात दिले."

"अंगठा कुठला?" बुधाजी म्हणाले. "मी परवाच मागं घेतला, त्याच्या कागदावर दुसरा अंगठा देऊन. दिवाणजी घरी आलता. तुला तोंड कसं दाखवू म्हनून रातभर झोप नाय. तू अर्ज घेऊन हितं येनार ठावं होतं, म्हनून सांगाया आलो."

चंद्रावतीने डोळ्यांना पदर लावला. "माझ्याकडंबी आलता."

यूनुसभाईंनी नुसती मान हलवली. मग जगन पुढे आला आणि त्याच्यामागून एकेक जण, तेच सांगायला.

थांब्यासाठी त्या सकाळी मोरीवर कुणीच आलं नव्हतं.