देव्हाऱ्यातला पाहुणा

कमलाकरांनी देव्हाऱ्यातून ती मातीची इवलीशी घुमटी उचलली आणि ओंजळीत धरून दिवाणखान्यात आणली. सुनीतीने हातातली वड्यांची बशी खाली ठेवली. तीन आठवडे ती याच घटकेची वाट पाहत होती.

लंडनच्या पिनर भागातल्या त्या घरात शनिवारी दुपारी अठरा माणसं जमली होती. भूतानला जाऊन आलेले अकरा जण, आणि न गेल्याची हळहळ वाटावी म्हणून मुद्दाम बोलावलेले बाकीचे. कमलाकर भूतानी घो घालून मिरवत होते. गुडघ्यापर्यंतचा जाड झगा, खाली काळे लांब मोजे, आणि कमरेचा पट्टा पोटापुढे हात टेकलेला. मागे टीव्हीवर डोंगर, मठ आणि पताका सरकत होत्या.

"पारोच्या वर एका कड्याखाली अशा शेकडो होत्या," ते सांगत होते. "अगदी बेवारस! पावसात भिजत पडलेल्या. म्हटलं, एक तरी आपल्या घरी सुखात राहील. मिनिएचर स्तूप आहे हा. रोज हळदकुंकू वाहतो. आणि गंमत बघा, आल्या आल्या कौन्सिलने आमच्या घराचं एक्स्टेन्शन एका फटक्यात पास केलं."

घुमटी हातोहात फिरू लागली. ऋजुताने ती डोळ्यांना लावली, शिल्पाने कपाळाला.

सुनीती ही कमलाकरांची थोरली भावजय, लीड्सची. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा यतीन गेला. अस्थी नाशिकला न्यायच्या होत्या, फ्लाइट हीथ्रोहून सकाळची, म्हणून एका रात्रीपुरती ती कलश घेऊन दिराच्या दारात आली. कमलाकरांनी तिला आत घेतलं, कलशाला नाही. "घरात देव आहेत, वहिनी," असं म्हणून सख्ख्या थोरल्या भावाला त्यांनी मागच्या शेडमध्ये लॉनमोअरशेजारी ठेवायला लावलं. सकाळी शेडची किल्लीसुद्धा किचनच्या दारातूनच पुढे केली. सुनीती भांडली नाही. दरवर्षी दिवाळीला फोन करत राहिली, धाकट्या जावेने, सुचेताने आग्रह केला तेव्हा भूतानलाही गेली. पण तो राग तिने लोणच्यासारखा मुरवत ठेवला होता.

त्या कड्याखाली कमलाकर फोटोंसाठी मागे रेंगाळले होते. पुढे गाईड किनले सुनीतीला सांगत होता, की आमच्यात माणूस गेला की त्याची राख मातीत कालवून या करतात, एकशे आठ. वाऱ्यापावसात हळूहळू विरून जाव्यात म्हणूनच उघड्यावर ठेवतात, कुणी हात लावत नाही. सुनीतीने सहज मागे वळून पाहिलं, तर दीर एक घुमटी रुमालात गुंडाळून जॅकेटच्या खिशात टाकत होते. हाक तिच्या ओठांवर आली होती. ती तिने गिळली, त्या अनोळखी मृताची मनातल्या मनात माफी मागितली आणि पुढे चालू लागली.

"आता वहिनी, तुम्ही दोन शब्द बोला," कमलाकर म्हणाले.

सुनीती उठली. "भावजी, किनलेने याला काय म्हणतात ते सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं होतंत?"

"त्सा... काहीतरी होतं. मी व्हिडिओ काढत होतो ना."

"त्सात्सा. माणसाच्या राखेची करतात."

टाळ्या वाजवायला उचललेले एकदोन हात तसेच राहिले.

"राख म्हणजे?" सुचेताने विचारलं.

"राख म्हणजे अस्थी, सुचेता. कुणाचा तरी बाप असेल, नाहीतर आई. तीन आठवडे तुमच्या देवांच्या मांडीला मांडी लावून बसलंय. चांगली बडदास्त ठेवलीत हं!"

शिल्पाने किंचाळून ती वस्तू कमलाकरांच्या हातात कोंबली. मग एकच पळापळ झाली. ऋजुता किचनच्या सिंककडे धावली, बाकीचे वरच्या बाथरूमकडे, आणि सुचेता देव्हाऱ्यासमोर उभी राहून "आता सगळे देव धुवायला हवेत, सगळे देव!" असं घोकत राहिली.

कमलाकर देव्हाऱ्याकडे वळले आणि थबकले. टेबलाकडे गेले, तिथे वडे होते. खाली कार्पेटकडे पाहिलं, ते धाडस होईना. मागच्या दाराच्या दिशेने दोन पावलं टाकली, तोच त्यांची आणि सुनीतीची नजरानजर झाली. तिथून पाय पुढे उचललाच नाही.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "तुम्ही नेता का? प्लीज. तुम्हाला तसं काही वाटत नाही ना..."

"मी नाही नेणार. जिथून उचललंत तिथे तुम्हीच नेऊन ठेवायचं. विमानात मांडीवर घेऊन. तोवर कुठे ठेवायचं ते तुम्ही बघा. घर तुमचं आहे."

तिने कोट चढवला, गळ्याभोवती मफलर नीट गुंडाळला. बरं वाटत होतं तिला, फार बरं. उगाच खोटं कशाला बोला.

दारात तिने एकदा मागे वळून पाहिलं. दिवाणखाना रिकामा झाला होता. वरून नळांचा आवाज येत होता. झगा घातलेले कमलाकर मधोमध हात पुढे करून उभे होते आणि त्यांचा दंड कापत होता. तळहातावरची ती घुमटी सुपारीहून जराशीच मोठी होती.

"जड आहे का हो, भावजी?" सुनीतीने विचारलं.