आबांचं रेकॉर्डिंग

कॅबिनेटमध्ये पंखा घुरघुरला, स्क्रीनवर कंपनीचं नाव उमटलं आणि कॉम्प्युटर पुन्हा खट्‌कन बंद पडला. प्रशांतने बटणावरचा अंगठा काढलाही नव्हता.

"एवढा वेळ तरी चालला," शुभांगी म्हणाली.

"मघाशी पण एवढाच चालला होता."

काल रंगकामासाठी टेबल हलवलं, तेव्हापासून हे सुरू झालं होतं. प्रशांतने वायरी काढून पुन्हा बसवल्या. दुसऱ्या खोलीतल्या प्लगला लावून पाहिलं. रॅम काढून खोडरबराने घासली. आता पत्रा काढलेलं कॅबिनेट उघडं पडलं होतं आणि तो फरशीवर मांडी घालून स्क्रीनकडे बघत बसला होता. बनियन पाठीला चिकटलं होतं.

"नगरला नेऊ या ना दुकानात," शुभांगी म्हणाली.

"आणि त्याने फॉरमॅट मारून दिला म्हणजे? आबांचा आवाज दुसरीकडे कुठंच नाहीये."

बोलून गेल्यावर त्याने मागे पाहिलं. सहादूआबा खुर्चीत बसून होते. आत स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोची, गीताबाईंची, भांडी घासणं चालू होतं. गळ्याभोवती पांढरा रुमाल. त्याखालच्या भोकातून श्वासाची बारीक शीळ येत होती. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र गेलं, तेव्हापासून केडगावातल्या त्या घरात आबांचा आवाज नव्हता. त्याआधी जयंतीला त्यांनी माइक धरला, की मागच्या गल्लीतली माणसंसुद्धा मंडपात येऊन बसायची. ऑपरेशनच्या आधल्या आठवड्यात प्रशांतने त्यांची सगळी भीमगीतं याच कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून घेतली होती. आबा कधीच ती ऐकायला तयार नव्हते. आज सकाळी स्वतःच कॉम्प्युटरकडे बोट दाखवून त्यांनी कानाला हात लावला होता.

प्रशांतने बटण दाबलं. मागून टाळी वाजली.

"थांबा आबा."

कंपनीचं नाव. अंधार.

पुन्हा बटण. पुन्हा टाळी, या वेळी जोरात.

"आबा, बघतोय ना मी! जरा दम धरा की!"

शुभांगीने मान खाली घातली. आबा उठले. भिंतीला हात लावत आले, प्रशांतच्या शेजारी कसेबसे टेकले आणि त्याची हनुवटी धरून त्यांनी त्याचं तोंड स्क्रीनवरून कॅबिनेटकडे वळवलं. मग स्वतःच बटण दाबलं.

मागचा पंखा फिरत होता. मधला, प्रोसेसरवरचा, नुसता थरथरत होता. एक बारीक काळी वायर त्याच्या पात्यांत अडकली होती.

प्रशांतने आधी भिंतीवरचा स्विच बंद केला. मग पात्यांतून वायर सोडवली. शुभांगीने केसांचा रबर काढून दिला. त्याने ती वायर बाकीच्या वायरींबरोबर बांधून टाकली, पातं बोटाने फिरवून पाहिलं आणि स्विच लावला.

"दाबा तुम्हीच," तो आबांना म्हणाला.

पंखा फिरला. कंपनीचं नाव आलं. गेलं. स्क्रीन काळी झाली आणि शुभांगीने डोळे मिटून घेतले. मग बुद्धविहाराचा फोटो हळूहळू उजळला. तो गेला नाही.

प्रशांतने फोल्डर उघडला. पहिल्याच फाइलवर क्लिक करताना त्याने आबांकडे पाहिलं नाही. त्याला धीर झाला नाही.

आधी नुसती खरखर. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग खाकरणं, आणि खोलीभर तो भरदार, खर्जातला आवाज:

"अगं ए, चहा ठेव गं जरा. लई घसा बसलाय आज."

"व्हय, ठेवते की!" स्वयंपाकघरातून गीताबाई म्हणाल्या.

आतून भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. नळ सुरू झाला. मग एकदम बंद झाला.

गीताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. रेकॉर्डिंगमधल्या आबांनी गाणं उचललं होतं. गीताबाईंनी कॉम्प्युटरकडे पाहिलंच नाही. ओला हात तसाच धरून त्या नवऱ्याच्या मिटलेल्या ओठांकडे बघत राहिल्या.