चार बोटं माती

गळ्यातले झेंडूचे हार न काढताच कोंडीराम गटाराच्या कडेला उकिडवा बसला आणि त्याने झाडाच्या बुंध्याशी हात लावला. माती ओली होती.

बेळगावच्या सत्याग्रहात सत्तावीस दिवस तुरुंगात काढून तो सकाळीच परतला होता. भोईवाड्याच्या नाक्यापासून चाळकऱ्यांनी त्याला लेझमीच्या तालावर आणलं. तो हात जोडत आला खरा, पण नजर सगळ्यांच्या डोक्यांवरून चाळीच्या भिंतीकडे लागली होती. भिंत आणि गटार यांच्यामध्ये दीड हाताची पट्टी, तीच त्याची बाग. तिच्यात झाड एकच. शिमल्याकडचं रानसफरचंद, फळ बोराएवढं, खायचं नाही, नुसतं बघायचं. गिरणीच्या साहेबाच्या बंगल्यात तो माळी होता. तिथली बाग मोडली तेव्हा हे काडीएवढं रोप त्याने घरी आणलं. जागा नाही म्हणून फांद्या सुताच्या पट्ट्यांनी वर बांधून मिटलेल्या छत्रीसारखं वाढवलं. चाळ त्याला ‘शिमला’च म्हणे. सहा वर्षांत शिमल्याला एक फूल आलं नव्हतं.

येत्या होळीपर्यंत फूल दिसलं नाही तर झाड काढायचं आणि तिथे वर्तमानपत्राचा फळा उभारायचा, असं चाळकमिटीत ठरलं होतं. कोंडीरामने ते बेधडक कबूल केलं. तो नगरकडच्या मोसंबीच्या बागेत वाढलेला. झाड फुलवायचं तर आधी त्याचं पाणी तोडायचं, पानं उतरवून ताण द्यायचा, आणि फांद्यांवरचे फुलांचे डोळे फुगले की मगच पाणी सोडायचं, हे त्याला बापाने शिकवलं होतं. बेळगावला निघायच्या आदल्या दिवशी त्याने शिमल्याचं पान न् पान खुडलं. चाळीत कोणाला काही बोलला नाही. लोक हसले असते. बायकोला तेवढं सांगितलं, "मी येईपर्यंत थेंब पडता कामा नये."

आणि माती ओली होती.

"बघतास काय, मामानू," शेजारची गंगुबाई म्हणाली. "झाड बोडका झालेला बघून आमका वाटला, तुमची वाट बघून सुकला. मगे आम्ही पाळी लावली. आठ खोल्यो, रोज एकेकाचो तांब्यो. नळ दोन तास येता, तरी तुमच्या झाडाक एक दिवस उपाशी ठेवूक नाय."

"मीसुद्धा घातलंय हं," शामराव म्हणाला. तो कमिटीचा सेक्रेटरी. फळ्याची मागणी त्याचीच. "म्हटलं, माणूस आपल्यासाठी आत बसलाय, त्याच्या झाडाशी वैर कशाला? होळीनंतर आहेच फळा."

लोक हसले. कोंडीरामने ओला हात धोतराला पुसला. असा ताण मोडला की वर्ष गेलं समजायचं. पालाच पाला फुटतो, फूल नाही. पण एवढ्या मायेने घातलेलं पाणी. रागवायचं तरी कोणावर?

त्याने वर पाहिलं आणि तो थबकला. पाला कुठे होता? इतके दिवस रोज पाणी मिळालेलं झाड आतापावेतो हिरवंगार व्हायला हवं. फांद्या तर होत्या तशाच उघड्या, आणि त्यांच्यावरचे डोळे तांदळाच्या दाण्याएवढे टपोरले होते.

त्याने बोट मातीत खुपसलं. चार बोटं खाली काहीतरी गुळगुळीत लागलं. नखाने उकरलं तर मेणकापड. त्यांच्याच खिडकीचं, पावसाळ्यात लावायचं. कोपऱ्यात शेगडीचा डाग होता. गटाराकडे उतार देऊन अंथरलेलं, आणि उताराच्या टोकाला पुरलेलं घरचं घमेलं. मेणकापडाखाली त्याने बोट सरकवलं. माती भाजलेल्या ढेकळासारखी कोरडी होती.

ओवाळणीचं ताट घेऊन त्याची बायको सुंदराबाई पुढे आली. तो उठायला लागला तसं तिने खांद्यावर हात ठेवून त्याला खालीच बसवलं आणि पदर पसरून समोर वाकली. चाळीला तिची पाठ तेवढी दिसत होती.

"नाही कशी म्हणू?" ती ओठातल्या ओठात म्हणाली. "आपल्या तोंडचं पाणी आणत होती माणसं."

"आणि घमेल्यातलं?"

"रोज पहाटे जिना धुतला. सगळे म्हणतात, सुंदराबाईला सेवेचं वेड लागलंय."

कोंडीरामला हसू आलं, ते त्याने हारात लपवलं.

"आज पाळी कोणाची हो?" त्याने मोठ्याने विचारलं.

"आमची," शामराव म्हणाला.

"मग आणा तांब्या. आणि फळ्याला दुसरी भिंत बघून ठेवा."

"लागली होय बेळगावची हवा," शामराव म्हणाला आणि हसत जिना चढला. गंगुबाई साखर वाटायला वळली, तशी सगळी तिच्याकडे सरकली. तेवढ्यात कोंडीरामने मेणकापड एका हिसक्यात ओढलं आणि माती सारखी केली. सुंदराबाईने ते ताटाखाली धरून पदरात घेतलं.

शामराव तांब्या घेऊन आला. सगळे पुन्हा भोवती जमले. त्याने नेहमीसारखं पाणी ओतलं. मातीतून चुर्र आवाज आला आणि बुडबुडे वर आले. पाणी दिसेनासं झालं.

"अगो बाय," गंगुबाई वाकून बघत म्हणाली, "इतके दिवस घातला, असो आवाज कधी इलो नाय."

"तहान लागलीय त्याला," सुंदराबाई म्हणाली. "अजून एक तांब्या आणा."