कच्चा टाका

"नाडीला कच्चा टाका घाला, वहिनी. पुढचं आमच्यावर सोडा."

इस्त्रीवाला दुकानाच्या उंबऱ्यावर उभा होता. आवाज दबका, डोळे मात्र निखाऱ्यासारखे. त्याच्या खांद्यामागून पार्लरवाली डोकावत होती.

वहिनींचं मशीन थांबलं. सुईखाली जाड काळं कापड होतं. पोलिसांचे गणवेश वर्षानुवर्षं त्याच शिवत, आणि त्या कामाला शेपटासारखं हेही काम लागलेलं होतं. आरोपीला कोर्टात नेताना त्याच्या तोंडावर घालायची खोळ. डोळ्यांपाशी दोन बारीक फटी, मानेशी नाडी.

आजची खोळ कुणासाठी आहे, ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. क्लासच्या इमारतीच्या जिन्यात एका मुलीवर बलात्कार झाला होता. मुलगी कोण, ते कुणालाच माहीत नव्हतं. कुणीतरी अनोळखी, एवढंच तिनं सांगितलं होतं म्हणे. आज सकाळी पोलिसांनी एकाला पकडलं, पण त्याचं ना नाव बाहेर आलं, ना फोटो.

"पोरीचं नाव झाकतात, ते बरोबरच आहे," पार्लरवाली म्हणाली. "पण ह्याचं कशाला झाकायचं? ह्याला कसली आलीये अब्रू?"

"गुन्हा शाबीत व्हायचाय म्हणे," इस्त्रीवाला हसला. "तोवर सरकारचा जावई! उद्या सकाळी आम्ही कोर्टाच्या फाटकाशी उभे राहतो. एक हिसका दिला की खोळ हातात. फोन तयारच आहेत. दुपारच्या आत त्याचं थोबाड घरोघर पोचवतो की नाही, बघा."

वहिनींचा हात नाडीवर होता. हा विचार त्यांच्या मनात आलाच नव्हता असं नाही. मघाशी कापड बेततानाच आला होता. कात्री जागच्या जागी थांबली होती. एक टाका सैल सोडायचा, बस. कुणाला कळलंही नसतं. त्या माणसाचं तोंड चव्हाट्यावर यावं, जगानं त्याच्यावर थुंकावं, असं त्यांना वाटलं तेवढं त्या दोघांनाही वाटत नसेल.

त्यांनी दोरा दातांनी तोडला. खोळ उलटी केली आणि स्वतःच्याच डोक्यात घातली.

"अगं बाई, हे काय?" पार्लरवाली मागे सरली.

आत अंधार होता. कोऱ्या कापडाचा वास होता. श्वास नीट घेता येत होता. वहिनींनी मानेशी नाडी बांधली, दोन्ही हातांनी खोळ वर ओढून पाहिली. जराशी सरकली. त्यांनी ती काढली, मशीनवर घेतली आणि नाडीच्या पट्टीवर दुसरी टीप मारली. मग तिसरी.

"म्हणजे करणार नाही तर," इस्त्रीवाला म्हणाला.

"नाही."

"आमचं पडद्यांचं कापड परत द्या मग," पार्लरवालीचा आवाज चढला. "राक्षसांची तोंडं झाकणाऱ्या हातांचं शिवलेलं नको मला. आणि एक सांगा वहिनी, तुमच्या घरातही वयात आलेली पोर आहे. कुठे असते हो ती हल्ली? दिसत नाही, फोनही लागत नाही."

"मावशीकडे गेलीये. फोन बिघडलाय."

"तिच्यावर अशी वेळ आली असती, तर? तेव्हाही अशीच टिपेवर टीप मारली असतीत?"

मशीनचं चाक वहिनींच्या तळहाताखाली अडलं. मग फिरलं.

"अशीच," त्या म्हणाल्या.

पार्लरवालीनं पडद्यांचं कापड उचललं आणि ती पायऱ्या उतरली. तिच्यामागोमाग इस्त्रीवालाही गेला. जाताजाता गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "माणसाच्या छातीत दगड असतो कधीकधी."

दिवेलागणीला हवालदार आला. त्यानं खोळ हातात घेतली आणि जोर लावून ओढली. टाका हलला नाही.

"झकास! मागच्या खेपेची दुसरीकडून शिवून घेतली होती. फाटकाशीच निसटली. फोटो गावभर झाला. पुढे त्या केसमधल्या पोरीनं ओळख परेडीत रांगेतून नेमका त्यालाच काढला. पण त्याचा वकील म्हणाला, हिनं माणूस ओळखला नाही, फोनवरचा फोटो ओळखलाय. सुटला बेटा."

"माहीत आहे," वहिनी म्हणाल्या.

"तुम्हाला कसं काय?"

"आलं होतं कानावर. ह्याची परेड परवाच ना?"

"परवा. आमच्या इन्स्पेक्टर बाईसाहेब स्वतः घेऊन येणार आहेत ह्या पोरीला. नाव त्यांनी आम्हालासुद्धा सांगितलेलं नाही." हवालदारानं खोळ घडी करून पिशवीत ठेवली. "चला, येतो."

वहिनींनी शटर खाली ओढलं. मशीनवर आच्छादन घातलं. खाली पडलेले काळे दोरे वेचले. मागच्या खोलीच्या दाराचा पडदा हलला आणि त्यांची मुलगी चौकटीत येऊन उभी राहिली. सकाळपासून ती पडद्याआडच होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आई, तो हा नसलाच तर?"

"तर नाही म्हणून सांगायचं. न घाबरता."

"आणि असला तर?"

वहिनींनी तिचा गार पडलेला हात आपल्या हातात घेतला.

"तर बोट दाखवायचं, बाळा. हिनं आधी फोटो बघितला होता, असं म्हणायची सोय मी कुणाला ठेवलेली नाही."