मडक्यात न मावलेली आई

तिसऱ्या दिवशी सावडायला गेलेल्या शुभदाला राखेत आईची हाडं अख्खी मिळाली. ठिसूळपणावरची नवी लस घेतलेली हाडं आता चितेलाही दाद देत नाहीत.

"मडक्यात मावायची नाहीत, ताई. हल्ली लोक पेटीच आणतात," स्मशानातले भिकाजीकाका म्हणाले.

शुभदानेच हट्ट करून आईला लस घ्यायला लावली होती. तिची स्वतःची धास्ती मात्र गेली नाही. आईने राजगडाचं नाव काढलं, की ती म्हणायची, "नको गं, पडलीस म्हणजे?"

काकांनी मांडीचं हाड अलगद तिच्या हातांत दिलं. "या लशीची म्हातारी माणसं गड चढतात म्हणे. तुमच्या आई कुठवर जायच्या?"

"सोसायटीच्या गेटपर्यंत," शुभदा म्हणाली.