नागप्पाची जागा

पेजेचा तांब्या पदराखाली झाकून वच्छला शेजारच्या खोलीत शिरली, तेव्हा नागप्पा भिंतीकडं तोंड करून पडला होता.

"आज कसं वाटतंय, मामा?"

"हाय की, तसंच." तो खोकला.

"गोळी घेतली?"

"तू सांगितलीस तशी. सकाळची एक."

वच्छलानं नजर वळवली. कोपऱ्यात त्याची बायको चंद्रव्वा विड्या वळत होती. हल्लीच शिकली होती. पानं अजून हातात फाटत होती.

"कामावर जायची घाई करू नका बरं."

"घाई कुठली, यव्वा!"

डॉक्टरांनी दिवसाला तीन गोळ्या सांगितल्या होत्या. भवानी पेठेतल्या त्या चाळीत बी.ए. झालेली वच्छला एकटीच. औषध कसं घ्यायचं, ते सगळे तिलाच विचारत. तिनं नागप्पाला एकच सांगितली होती.

तिचा नवरा सिद्राम गिरणीत बदलीवाला होता. कायम कामगार आला नाही, तरच बदलीवाल्याला त्या दिवसाचं काम. नाहीतर फाटकावरूनच परत. यंदा गिरणीत नवे माग आले. पूजा झाली, पेढे वाटले. कापड दीडपट निघू लागलं. फाटकाबाहेरची रांग मात्र होती तेवढीच राहिली. मग नागप्पा छाती भरून आजारी पडला आणि त्याच्या दोन मागांवर सिद्राम उभा राहिला. बाळाचं दूध सुरू झालं.

"मामा बरे होईपर्यंतच ना हे?" तिनं संध्याकाळी जेवताना विचारलं.

"हूं." सिद्रामनं ताटावरची नजर काढली नाही. त्याचे पाय सुजले होते. "त्यांना पेजेबरोबर भाकरी पण देत जा. दोघांना पुरंल एवढी."

किती मोठं मन ह्यांचं, तिला वाटलं. आणि आपण?

चार दिवसांनी बाळाला ताप आला. ती घड्याळाकडं बघून औषध पाजू लागली. सकाळी एक चमचा. दुपारी एक. दिवेलागणीला तिसरा पाजून तिनं बाटली खाली ठेवली. बाळाला खांद्यावर टाकून ती तशीच नागप्पाकडं गेली.

"मामा, गोळ्या तीनदा घ्यायच्या होत्या. मी मुद्दाम एकच सांगितली. तुम्ही लवकर उठलात तर ह्यांचं काम जाईल म्हणून."

चंद्रव्वाचे हात थांबले. नागप्पा उठून बसला. ताठ. खोकला नाही, काही नाही.

"म्या तीनच घेतल्या की. कंपौंडरनं बजावलंतं. तू चुकून सांगितलंस म्हटलं, कशाला बोलून दाखवायचं?"

"मग तुम्ही बरे कधी झालात?"

"लई दिस झाले. गिरणीत जाऊन बी आलो. तितं सिद्राम एकटाच दोघांचे चार माग चालवतोय. त्यालाच कायम केलं, माझी जागा गेली. सायेब म्हणले, एका माणसात भागतंय तर दुसरा कशाला?"

वच्छलानं खाली बोट दाखवलं. "आणि हे अंथरूण?"

"सिद्राम पाया पडला गं माझ्या. म्हणला, मामा, आणखी थोडे दिस पडून ऱ्हावा. वच्छला शिकलेली हाय. मी कुणाची जागा घेतली ते कळलं, तर तिला माझी लाज वाटंल."